पितळेवरचं खाचर

परवा धाकटीने फोनवर एक जपानी मनगटी घड्याळ दाखवलं. तबकडीवर तळ्याचं पाणी असावं तशा बारीक लाटा होत्या, घालणाऱ्याने हात हलवला की उजेड त्यांच्यावरून सरकत होता. किंमत ऐकून मी पुन्हा विचारली. "आजी, यांना असं काही सुचतं तरी कसं गं?" असं ती म्हणाली. तुमच्या आजोबांनी अशीच एक तबकडी करायला घेतली होती, हे तुम्हा कुणालाच माहीत नाही. तुमचे वडील तेव्हा पुण्याला माझ्या भावाकडे शिकत होते, त्यामुळे त्यांनाही ते नीट माहीत नाही. आता सांगते, आणि सुरुवातीपासून सांगते.

कुंभिवलीच्या जवळ आमचं गाव. घरासमोर भाताची खाचरं, मागे घाटाचा डोंगर, एका अंगाला मुंबई-पुणे रस्ता. मी मूळची कर्जतची, इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्नानंतर खोपोलीला मुलांना इंग्रजी शिकवायची. आजोबा शेतकऱ्याचा मुलगा, पण हात चित्रकाराचा. ते मुंबईत घड्याळांच्या तबकड्या करणाऱ्या एका कारखान्यात होते. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचे, शनिवारी घरी यायचे. त्यांचं काम कोरण्याचं. बशीएवढ्या पितळी चकतीवर हाताने नक्षी कोरायची, मग यंत्राने ती लहान करून पोलादाचा ठसा बनवायचा आणि त्या ठशाने तबकड्या काढायच्या. घड्याळं बाजारात कितीही जावोत, मूळ रेघ एकाच माणसाच्या हातची असायची.

सत्तरच्या दशकात कारखान्याने त्यांना काही महिने जपानला शिकायला पाठवलं. जाण्याआधी मी त्यांच्याकडून इंग्रजी वाक्यं घोकून घेतली. तिथे त्यांचा काही उपयोग झाला नाही. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली त्यांना बसवलं होतं, त्याला इंग्रजी येतच नव्हतं. दोघं पेन्सिलीने कागदावर बोलायचे.

त्या माणसाच्या खोलीत मोठ्या किमतीच्या घड्याळांच्या तबकड्या व्हायच्या. एकीवर देवदाराच्या रानात पडलेलं बर्फ, एकीवर झाडाची साल, एकीवर हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर धरतं ते दव. आणि एकीवर त्याच्या गावचं तळं, पहाटेचा वारा नुकताच सुटलेला. आजोबा म्हणायचे, चित्र म्हणून तिथे काहीच नव्हतं, नुसत्या तुटक रेघा, पण बघताना अंगाला गारवा लागायचा.

निघताना त्याने तळ्याची एक तबकडी त्यांना दिली. कडेला डाग पडला म्हणून बाजूला काढलेली. घरी आल्यावर त्यांनी ती आधी आईच्या हातावर ठेवली. तुमच्या पणजीने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"आन् काटे कुठं हायत रं?"

"हे घड्याळ नाय आये, घड्याळाचं तोंड हाय."

"मंग तोंड धुऊन पुसलं नाय वाटतं. पानी तसंच हाय."

आजोबा इतके खूश झाले, की त्यांनी तिला तीच गोष्ट पुन्हा बोलायला लावली. आईला पाणी दिसलं होतं, कुणी न सांगता.

जेवताना मग त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याने त्यांना कागद पुढे करून खुणेने विचारलं होतं, तुझ्या गावचं पाणी कसं असतं? आजोबांना लाज वाटली. त्यांनी कागदावर चौकोन काढले, बांध काढले, भाताची रोपं काढली, आणि पाणी गढूळ असतं हे दाखवायला पेन्सिल आडवी करून सगळं काळं केलं. म्हाताऱ्याने तो कागद बराच वेळ पाहिला आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

"ते मी करणार आहे," आजोबा म्हणाले. "आपलं खाचर."

तुम्ही लावणी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. चिखलणी झाली की रात्रभरात गाळ खाली बसतो. वर वीतभर पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि त्यात आभाळ. मग त्यात रोपं लावतात. वारा आला की पाण्यावर सुरकुती धावते, रोपापाशी येते, तुटते आणि पलीकडे जाऊन परत जुळते. ही तुटून जुळणारी सुरकुती आजोबांना हवी होती. पुढच्या आवणात, म्हणजे लावणीच्या दिवसांत, ते रविवारभर डोक्यावर इरलं घेऊन बांधावर बसून राहायचे. त्यांचा चुलतभाऊ चिखलातून ओरडायचा, "दादा, जपानला जाऊन बगळं झालं का रं तुमी? मासा घावला तर आमालाबी द्या!" आजोबा तिथूनच हात वर करायचे.

कागदावर उतरायलाच दोन पावसाळे गेले. मग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर कारखान्याने पितळ दिलं. दिवाळीनंतर जपानचे पाहुणे नमुने बघायला यायचे होते आणि त्यांच्यात तो म्हाताराही होता. त्याच्यासमोर ही चकती ठेवायची, एवढंच आजोबांनी मनात धरलं होतं. बढती वगैरे मी विचारलं, तर म्हणाले, "ते बघू. त्याला दिसलं पाहिजे की ते काळं नव्हतं."

त्याच उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरू लागला.

मला ते प्रथम कपबशीच्या आवाजाने कळलं. चहा घेताना बशी वाजायची. ते कप जमिनीवर ठेवून प्यायला लागले. मग सही वाकडी येऊ लागली. गावात बोलणं सुरू झालं ते माझ्या कानावर नंतर आलं, आधी तोंडावरच आलं. चुलतदीर पडवीत बसले असताना आजोबांच्या हातून सुपारीचं तबक सांडलं.

"दादा, कुटली घेता? जपानी का आपली नवसागराची?" ते हसत म्हणाले.

"जपानी," आजोबा म्हणाले. "तुला नाय परवडायची."

सगळे हसले, आजोबाही हसले. आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. पण पणजीने ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकायची आणि मला म्हणायची, "सूनबाय, तू शिकल्याली हायस, तूच त्याला इचार. मला खोटं सांगंल तो."

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. हात बरा होईल का, हे मी इंग्रजीत विचारलं, आजोबांना लगेच कळू नये म्हणून. डॉक्टरांनी उत्तर मराठीत दिलं, त्यांच्याकडे बघून. गोळीने काही वेळ थांबेल, पुढे तो वेळ कमी होत जाईल.

रजा मिळाली आणि ते चकती घेऊन घरी आले. ओटीवरच्या खिडकीपाशी टेबल लावलं. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात शांत व्हायचा आणि तेवढ्यात ते कोरायचे. मी घराचं सगळं त्या गोळीवर बसवलं. त्या वेळी दळण नाही, पाणी ओढणं नाही, कुणी आलं तर मागच्या दाराने. पणजीसुद्धा सूप खाली ठेवून गप्प बसायची. भिंग डोळ्याला लावून ते कोरणी पुढे ढकलायचे आणि पितळेचा केसासारखा तुकडा वळून वर यायचा. डाव्या कडेपासून सुरुवात केली होती. पावसाने जोर धरला तोवर अर्ध्याहून जास्त चकती भरली.

ती मी खिडकीत धरून पाहिली आहे. पितळ खरं तर पिवळं, पण रेघा अशा पडल्या होत्या की खाली गाळ आहे आणि वर पाणी आहे हे दिसायचं. रोपं कुठेच कोरलेली नव्हती. सुरकुती जिथे तुटत होती तिथे रोप आहे, एवढंच कळायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर ते म्हणाले, "अगं, पुसून बघ. ओलं नाहीये."

मग हात शांत राहण्याचा वेळ कमी होत गेला. कोरणी धरून ते वाट बघायचे आणि थरथर थांबायच्या आत जेवणाची वेळ व्हायची. मी म्हटलं, "अहो, कारखान्यातल्या कुणाकडून उरलेलं करून घेतलं तर?"

"घेता येईल. पण पाणी मधेच दुसरं होईल."



आमच्या खाचरात लावणी चालू होती त्या दिवसाची गोष्ट. बाया चिखलात होत्या, त्यांच्या हाका ओटीवर येत होत्या. आजोबांनी गोळी घेतली, बराच वेळ बसले, आणि मला म्हणाले, "मनगट धर. दोन्ही हातांनी. घट्ट."

मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि मनगट टेबलावर दाबून धरलं. एक रेघ आली. दुसरी आली. त्या चांगल्या होत्या. तिसरीला माझ्या हाताखाली त्यांचा हात एकदम उसळला. कोरणी सुटली आणि उजवीकडून डावीकडे, तयार झालेल्या पाण्यातून सरळ कडेपर्यंत खोल ओरखडा काढत गेली.

पणजीने आतून विचारलं, "काय झालं रं?"

"काय नाय आये," ते म्हणाले. "घासायचं काम निघालंय."

मला वाटलं, ते रागाने बोलत आहेत. तसं नव्हतं. कारखान्याची रीत होती, बिघडलेली चकती ठेवायची नाही. सपाट करून कोऱ्या पितळात परत टाकायची, नाहीतर एखाद दिवशी चुकून तिच्यावरून ठसा निघतो. ते कानस आणि कुरुंदाचा दगड घेऊन पडवीत येऊन बसले.

"राहू द्या ना," मी म्हटलं. "घरात ठेवू. डावा भाग तरी—"

"अर्धं खाचर कुणी ठेवतं का? आणि पितळ चांगलं आहे."

त्यांनी कानस टेकवली. ती थरथरत चकतीवर आपटू लागली. तशी घासली असती तर पितळात खड्डे पडले असते आणि ते वाया गेलं असतं. थोडा वेळ त्यांनी प्रयत्न केला. मग कानस माझ्याकडे सरकवली.

"तू कर."

मी नाही म्हणाले. ते पाण्याचा तांब्या घेऊन बसून राहिले. शेवटी मी पदर खोचला. आधी ओरखडा घासला, तो खोल होता. मग कानस ठेवून दगड घेतला आणि डावीकडे सरकत गेले. ते तांब्यातून पाणी घालत होते, थोडं दगडावर, बरंचसं माझ्या हातावर आणि जमिनीवर. रेघा एकदम जात नाहीत. आधी उथळ होतात, मग पाणी नुसतं चमकल्यासारखं राहतं, मग तेही जातं. पणजी दारात येऊन उभी राहिली होती. तिला काय ते कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी तिने मीठ-मोहऱ्या घेतल्या नाहीत.

झालं म्हणून मी चकती पुसून पुढे केली. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तिच्यावरून कडेकडेने फिरवलं.

"इथे अजून लागतंय."

मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी दाखवलं तिथे मी परत घासलं.

सोमवारी ती फडक्यात गुंडाळून ते कारखान्यात घेऊन गेले, कोऱ्या चकत्यांच्या कपाटात ठेवली, आणि नोकरी सोडून दिवेलागणीला घरी आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. मी पान वाढलं. त्यांनी भाताकडे पाहिलं, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले आणि मला म्हणाले, "कालवून दे गं."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि भात कालवू लागले.