जिजाबाईंचा प्रश्न

कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. माझी लेक मिनल एक मोजा घालून दुसरा शोधत होती आणि तिचे बाबा डोक्यावरचा चष्मा घरभर हुडकत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल चांगली चालू असताना दारावर बोटं आपटणारी आमच्या प्रताप नगरात एकच बाई आहे.

"वंदना, दुसरी कोणी पाहा वं. मले नाही जमत प्रमुख होणं," जिजाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"आत तर या आधी!"

"आत येऊन काय करू? सांगून राहिली न!"

पण आल्या. ओट्यापाशी खाली बसकण मारली, समोरची मेथीची जुडी ओढली आणि निवडायला लागल्या. मन ठिकाणावर नसलं की त्यांच्या हातांना काम लागतं.

त्याच दुपारी त्यांचं स्वागत होतं.

आमची दुपारशाळा ही मोठ्या माणसांची शाळा. देवळामागच्या सभागृहात भरते. कोणी अक्षरं शिकतं, कोणी फोनवरून वीजबिल भरायला, कोणी गुडघ्यांचे व्यायाम, कोणी गाणं. शुक्रवारी नुसतं गोल बसून मनातलं बोलायचं असतं, आणि सगळ्यात अवघड तास तोच. जिजाबाई पारशिवनीकडच्या. नवरा गेल्यावर मुलगा, जितेंद्र, त्यांना नागपुरात घेऊन आला. पहिल्या दिवशी त्या चपलांपाशी बसल्या होत्या. पुढे सरकत सरकत त्या कधी मधोमध आल्या ते आम्हाला कळलंच नाही. नवीन कोणी दारात घुटमळलं की स्वतःची सतरंजी अर्धी मोकळी करून त्या विचारायच्या, "जेवली का वं?" नाव नंतर. दोन प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा प्रेमानंदभाऊंच्या जोडीला जिजाबाई, हे कोणाला सुचवावंसुद्धा लागलं नाही.

नव्या प्रमुखांना आम्ही हारतुरे देत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून एक प्रश्न विचारायचा असतो. लाजेपायी आजवर कोणालाच न विचारलेला. ज्याला उत्तर येतं त्यानं द्यायचं. कोणालाच येत नसेल, तर सगळ्यांनी उभं राहायचं, म्हणजे विचारणारा एकटा उभा राहत नाही. या दिवशी घरच्यांना बोलवायचं नाही, हाही नियमच. (हे सगळं मी जिजाबाईंना विचारूनच लिहिते आहे.)

आणि नेमका तोच नियम कुसुमताई विसरल्या. त्या मावळत्या प्रमुख. आपल्यानंतर जिजाबाई येणार या आनंदात त्यांनी परस्पर जितेंद्रला फोन लावला.

"थो सुट्टी टाकून येऊन राहिला. सुनेले बी आणते म्हणे," जिजाबाई म्हणाल्या.

"मग दुसरा प्रश्न विचारा. फोनमधलं काहीतरी विचारा."

त्यांचे हात थांबले. "थे खोटं होईन न. मंग उद्या नव्या बाईले मी कोणत्या तोंडानं सांगू, का लाजू नको म्हणून?"

"मग मी जितेंद्रला सांगते, येऊ नको."

"काय सांगशीन त्याले? त्यानं नवा शर्ट घेतला वं!"

प्रश्न काय आहे ते मी विचारलं नाही. तो मुलाच्या कानावर पडू नये असा आहे, एवढं मात्र कळलं. जिजाबाई उठल्या, पदर झटकला. "मेथी झाली तुही. येईन दुपारी. नाही बी येईन."

आल्या. धुवट निळं पातळ नेसून, वेळेच्या आधी.

पहिल्यांदा प्रेमानंदभाऊ उभे राहिले. वीज कंपनीतून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त. म्हणाले, "भाताला पाणी किती टाकायचं? ही गेल्यापासून मी रोज खिचडीच करतो. कशीही झाली तरी तिला खिचडीच म्हणतात." आम्ही हसलो. सिंधूताईंनी मागून हात वर केला. "तांदळावर बोटाचं एक पेर बुडन इतकं टाका गा, भाऊ. अन् बुधवारी माह्याकडे या, दाखवते म्हणजे दाखवतेच!" पुन्हा हशा.

मग जिजाबाई. पहिल्या रांगेत जितेंद्र बसला होता, शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यानं आईचा व्हिडिओ काढायला फोन वर धरला.

"फोन खाली ठेव, बाबू," त्या म्हणाल्या. त्यानं ठेवला. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही त्या काहीही विचारू शकत होत्या, बिलाचं, गुडघ्याचं.

"याचे बाबा गेले, तवा मले रडू नाही आलं," त्या म्हणाल्या. "आजवर नाही आलं. वाईट नव्हते. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण माह्याशी बोललेच नाही कधी. पाणी दे, च्या दे, एवढंच. माणूस गेलं अन् घर तसंच वाटलं मले. बाया पाहून राहिल्या होत्या, म्हणून मी डोळ्याले पदर लावून बसली. मले विचाराचं हाय, मी खराब बाई हाव का?"

त्यांची नजर सरळ मुलावर होती. मी बऱ्याच सभा पाहिल्यात, मोठमोठी भाषणं ऐकलीत. पण पोटच्या मुलाला दुखेल हे माहीत असताना, त्याच्याच समोर इतकं खरं बोलणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. अंगावर काटा आला माझ्या. देवळात येतो तसा.

प्रेमानंदभाऊ उभे राहिले. मग सिंधूताई, मग मी, मग कुसुमताई, तोंडावर हात धरून. सतरंज्यांवरचं सगळं सभागृह हळूहळू उभं राहिलं. बसला होता तो एकटा जितेंद्र.

त्याची बायको रितिका वाकली आणि त्याच्या खांद्याला हात लावला. तो उठला, आईजवळ गेला. मग म्हणाला, "मंग दर साली पुण्यतिथीले मी तुले बाबाच्या फोटोसमोर बसवतो… सारे पाहुणे येतात…"

"पदर कोरडाच राहे, बाबू."

जितेंद्रनं मान खाली घातली. आम्हाला वाटलं, हा आता निघून जाणार. जिजाबाईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांचा एक हात नुसताच पुढे झाला आणि तसाच राहिला. त्यानं तो हात धरला.

"आई, काहून नाही सांगितलं?" तो म्हणाला. "काय पाहिजे तुले? सांग."

जिजाबाईंनी थोडा विचार केला. मग बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशा साध्या आवाजात म्हणाल्या,

"औंदा मले फोटोसमोर बसवू नको. मी सयपाकात राहीन."