चादरीचं दुसरं टोक

अडसर हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. ते हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या फुटबॉल टीमनं ठेवलं, आणि उगाच ठेवलं नाही. अकरा वर्षं हा गडी आपल्या गोलपुढे उभा राहिला आणि समोरच्या भल्याभल्यांना त्यानं घाम फोडला. पळण्यात काही खास नाही, उंचीही बेताची, पण जिथं असायला हवा तिथं बरोबर असायचा. दाराला अडसर घातला की तो काय पळापळ करतो? नुसता असतो. तेवढ्यानं काम होतं.

तर असा हा माणूस दीड महिन्यापूर्वीच्या मॅचमध्ये बाजूला सरकला. एकदा नाही, दोनदा. उजवीकडून चेंडू घेऊन समोरचा गडी आला आणि अडसर शहाण्यासारखा चार हात डावीकडे झाला, जसं काही कुणी म्हणालं होतं, जरा वाट द्या हो. गोल. थोड्या वेळानं पुन्हा तोच गडी, पुन्हा तेच चार हात, पुन्हा गोल. आणि गडी कोण, तर याचाच साडू! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

मग काय विचारता. लोकांचं तोंड कोण धरणार? इस्त्रीच्या टेबलावर, कपडे वाळवायच्या खोलीत, डबा खायच्या बाकावर एकच विषय. घरच्या माणसाला वाट दिली म्हणे. बायकोनं सुद्धा भाजी चिरता चिरता हळूच विचारलं, की तुम्ही मुद्दाम तर नाही ना केलं, माझ्या बहिणीकडे बघून? बरं, नाही म्हणावं तर मग का सरकलो ते सांगायला हवं. तेच तर अडसरला कळत नव्हतं.

साडूचं प्रकरण आधी सांगायला हवं. तो पूर्वी याच लाँड्रीत होता, याच टीममध्ये, अडसरच्या उजव्या हाताला. या टीमची एक अजब पद्धत होती. बॉयलर सांभाळणारे काका टीमलाही सांभाळत, आणि पावसाळा संपला की ते मागच्या चार खेळाडूंना कंबरेला दोरीनं एकत्र बांधत. कपडे वाळत घालायची साधी दोरी, दोघांमध्ये चार हात अंतर. असे बांधलेले चौघं मैदानभर फिरायचे. दोरी ताणली जायची नाही आणि सैल पडायची नाही, एवढाच नियम. शेजारचा तुझ्याकडे आला की तू तितकंच पलीकडे सरक, तो लांब गेला की मागोमाग जा. बघणारे खो खो हसायचे. पण महिनाभरानं दोरी सोडली तरी चौघं बांधल्यासारखेच चालायचे, आणि मधून कुणाला घुसता यायचं नाही.

त्यात हे दोघं दिवसभर चादरींच्या घड्या घालायचे. पलंगाची मोठी चादर एकट्याच्यानं होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताण द्यायचा, मध्ये दुमडायची, मग चालत येऊन कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. दिवसाला चारशे चादरी. दोघांना बोलायची गरजच उरली नव्हती. बोलायचे ते निराळंच, सासऱ्यांच्या गुडघ्याबद्दल, पोरांच्या मार्कांबद्दल. हात आपलं काम करत.

आणि एका सोमवारी अडसरनं चादर उचलली तर दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. साडूनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात मुकादमाची नोकरी धरली होती. सगळ्यांना माहीत होतं, बॉयलरच्या काकांना, दोन्ही बहिणींना. फक्त याला नाही. साडूनं तोंडातून शब्द काढला नव्हता. अडसरला त्याचा फार राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. तो गेला नाही, फोन केला नाही. त्यानं सांगायला हवं होतं, त्यानं यायला हवं होतं, मी कशाला जाऊ, हे एवढंच तो धरून बसला. साडूही आला नाही. तिकडच्या टीमनं त्याला बचावातून काढून पुढे खेळवायला घेतलं.

आता परतीची मॅच रविवारी होती. काकांनी अडसरला बॉयलरच्या खोलीत बोलावलं आणि वाफेचा काटा बघत बघत, याच्याकडे न बघता सांगितलं, "तुझ्या बाजूनं अजून एक गोल गेला, तर तू बाहेर. आणि लोक म्हणतात ते मग मलाही मानावं लागेल."

अडसर त्रेचाळीस वर्षांचा होता. बाहेर म्हणजे कायमचा बाहेर, आणि वर बेइमानीचा शिक्का. त्या आठवड्यात त्यानं स्वतःची पार उलटतपासणी केली. डोळे तपासून घेतले, ठीक निघाले. बूट बदलून पाहिले. गल्लीत शेजाऱ्याला चेंडू दिला आणि अंगावर ये म्हणाला, तर शेजाऱ्याचा चेंडू पहिल्या झटक्यात काढून घेतला. दहा वेळा आला, दहा वेळा काढला. म्हणजे पाय शाबूत, डोकं शाबूत. मग त्या दिवशी काय भानामती झाली होती? खरंच मनातून मला तो जिंकायला हवा होता की काय? हा विचार आला आणि माणूस पुरता गांगरला. स्वतःच्या मनाचाच भरवसा उरला नाही तर जाऊन विचारायचं कुणाला?

शुक्रवारी शिवणाच्या मावशींनी त्याला झापलं. साडू गेल्यापासून चादरीच्या दुसऱ्या टोकाला त्याच उभ्या राहत. एरवी फाटके अभ्रे शिवणाऱ्या, तोंडानं फटकळ. त्यांनी चादर धाडकन टेबलावर टाकली.

"मी पुढे आले की तू मागे का जातोस रे? चार महिने बघतेय. कोपरा जुळवायला दोन पावलं तूही ये की. मीच किती यायचं?"

तो म्हणाला, असं कुठं करतो मी? मावशी म्हणाल्या, धर. त्यांनी ताण दिला, दुमडलं आणि त्या चालत आल्या. अडसरनं आपल्या पायांकडे पाहिलं. पाय मागे निघाले होते. त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, तरी निघाले होते. साडू असताना साडूच चालत यायचा आणि हा ताण धरून मागे सरायचा, भिंतीला टेकेपर्यंत. मग साडू हसून कोपरे हातात द्यायचा. अकरा वर्षांत हा एकदाही पुढे गेला नव्हता.

तो दिवसभर चक्रावलेला राहिला. एकीकडे हायसं वाटलं, की चला, बेइमानी नव्हती, साडू आला की सरकायची सवय होती. दुसरीकडे काळजी लागली, कारण सवय काय दोन दिवसांत जाते? आणि काकांना सांगणार काय, की माझ्या कंबरेला अजून दोरी आहे? हसले असते.

रविवारी दुपारी मॅच सुरू झाली. पहिला अर्धा वेळ साडू त्याच्या बाजूला फिरकलाच नाही, लांब लांब खेळला. अडसरला तेही खटकलं. दुसऱ्या अर्ध्यात दोन्ही टीम दमल्या, गोल कुणाचाच नाही. कडेला उभे काका मनगटावरचं घड्याळ बघत होते. आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत उजवीकडून चेंडू घेऊन साडू आला.

अडसरला ते आधी पायात कळलं. डावा पाय निघाला. मागून गोलकीपर ओरडला, नाव घेऊन ओरडला, तरी पाय निघालाच. दोन हात तो सरकलासुद्धा. मग त्याला मावशींचं ते फणकाऱ्याचं बोलणं आठवलं, मीच किती यायचं. त्यानं पाय रोवला आणि तो पुढे चालायला लागला. पळाला नाही, चालला, सरळ साडूच्या अंगावर. आणि गंमत बघा, पुढे जायचं म्हटलं की त्याच्या डोक्यात चादरच होती, म्हणून हातही वर आले, छातीपाशी, चिमटीत कोपरे धरल्यासारखे.

साडूनं ते पाहिलं आणि तो थांबला. त्याचेही दोन्ही हात वर आले, कोपरे घ्यायला, तसेच, चिमटीत. भर मैदानात दोन मोठी माणसं हातात काही नसताना घडी घालायला उभी राहिली. चेंडू आपला घरंगळत गेला, आणि गोलकीपरनं वाकून उचलला. पंचांना कळेना शिट्टी कशाची वाजवावी, की वाजवूच नये.

"तू पुढे आलास," साडू म्हणाला. त्याचा चेहरा कसातरीच झाला होता.

तेवढ्यात चेंडू वर उडाला आणि खेळ दुसरीकडे गेला. थोड्या वेळानं मॅच संपली, गोल नाही. काकांनी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, विचारलं, थांबवलंस कसं त्याला? तो म्हणाला, मला नाही कळलं काका. ते खरंच होतं.

मग त्याला मैदानाच्या पलीकडून आवाज आले. तिकडच्या बाकाभोवती घोळका जमला होता आणि मधे साडू खाली मान घालून बूट सोडत होता. कुणीतरी चढ्या आवाजात म्हणत होतं, घरच्या माणसासाठी सोडला, सगळ्यांनी पाहिलंय. तेच शब्द, तोच सूर. गेला दीड महिना अडसर त्या शब्दांबरोबर उठत-झोपत होता.

तो तिकडे चालत गेला. आपली माणसं बघताहेत हे त्याला समजत होतं. साडूनं सोडला की सोडला नाही, हे त्याला अजूनही कळलेलं नव्हतं, आणि साडूला तरी ते ठाऊक असेल का, कुणास ठाऊक.

घोळक्यात शिरून तो म्हणाला, "यानं काही सोडलं नाही. आम्ही दोघांनी अकरा वर्षं चादरींच्या घड्या घातल्यात."

कुणाला काही अर्थबोध झाला नाही. एकजण हसला. मुकादम साहेबांचे नातेवाईक डोक्यानं जरा हलकेच दिसतात, असंही कुणी पुटपुटलं. साडू हसला नाही. त्यानं काढलेले बूट बाकावरून उचलून खाली ठेवले आणि तो बाकावर थोडा सरकला. अडसर त्याला चिकटून बसला.

"सांगायला धीर नाही झाला, साडूभाऊ," साडू बुटांकडे बघत म्हणाला. "तू मागे सरशील असं वाटलं."

अडसरनं सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.