पाठलाग न करण्याचं शास्त्र

विज्ञानाची पदवी हातात पडली की माणसाला वाटतं, आता आपण लोकांना काहीतरी शिकवलं पाहिजे. मला ते जरा जास्तच वाटायचं, कारण आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. तेही मामाच्या कृपेनं. मामा कोल्हापूर ते गगनबावडा वडापची, म्हणजे वाटेत हात करील त्याला भाडं घेऊन बसवणारी, जीप चालवायचा. नव्वदच्या दशकात मी रोज तिच्यातूनच कॉलेजला जायचो. मामा एखादं गिऱ्हाईक मागं सरकवून मला जागा करून द्यायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, "भाचा हाय माझा. सायन्सला हाय. अभ्यास करू दे त्याला." मी लाजून पुस्तक उघडायचो. जीप एवढी उसळायची की एक ओळ धड वाचता यायची नाही, पण सगळी जीप बघत असल्यामुळं पुस्तक मिटायची सोय नव्हती.

एकदा असंच जाताना एक टेम्पो आमच्या शेजारून सुसाट गेला आणि त्याच्या मागून पोलिसांची गाडी. टेम्पो चोरीचा होता. आमच्या भागात पोलीस कुणाच्या मागं लागले की नुसतं बघत राहणं कमीपणाचं मानतात. मामानं गच्च भरलेली जीप त्यांच्या मागं घातली. आतले लोक ओरडायला लागले, "दाब, दाब! सोडू नगंस!" लाज वाटते, पण पुस्तक छातीशी धरून मीही ओरडत होतो. वळणावर सायकलीला दुधाचे कॅन अडकवलेला माणूस समोर आला. त्याला वाचवायला मामानं गाडी वळवली ती थेट उसात. दूधवाला वाचला. मामाचं गळपट्टीचं हाड मोडलं. उसातून बाहेर येत एक जण एवढंच म्हणाला, "सुटलं की रं बेणं!"

पुढं दोन हजार सालानंतर मी कोल्हापुरात ट्रकना जीपीएसची यंत्रं बसवणाऱ्या एका दुकानात कामाला लागलो. मला वाटलं, उसातल्या त्या दिवसाचं उत्तर मला मिळालं. मी पोलीस चौकीत जाऊन फळ्यावर आकाशातले उपग्रह काढले आणि व्याख्यान दिलं. "साहेब, आता पाठलागाची गरजच नाही. मागं कुणी दिसलं नाही की चोर घाबरत नाही, घाबरला नाही की गाडी दामटत नाही आणि रस्त्यावरचं कुणी मरत नाही. आपण फक्त पडद्यावरचा ठिपका बघत बसायचं. पुढच्या नाक्यावर फोन करायचा."

एका वयस्कर हवालदारांनी विचारलं, "बघत बसल्यावर चहा प्यायला चालतोय?"

"चालतो की."

"मग मशीन चांगलं हाय," ते म्हणाले, आणि माझं व्याख्यान संपलं.

मामाच्या जीपमध्ये मी स्वतःच्या हातानं यंत्र बसवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी मामा धापा टाकत दुकानात आला. गंगावेशीत गाडीला किल्ली ठेवून तो चहा प्यायला गेला होता. "गाडी नेली रं कुणीतरी!" बाहेर त्याचे दोन दोस्त मोटरसायकली चालू ठेवूनच उभे होते.

हा माझा क्षण होता. मी शांतपणे म्हणालो, "मामा, बस. पाणी पी. कुणी कुठं जायचं नाही." फोन करून त्याच वयस्कर हवालदारांना बोलावलं. पडद्यावर ठिपका पश्चिमेकडं सरकत होता. हवालदारांनी गगनबावड्याच्या अलीकडच्या नाक्यावर फोन करून माणसं उभी केली. मी कुस्तीच्या फडावरच्या निवेदकासारखा बोलत होतो. पण ठिपका मध्येच थांबायचा, परत निघायचा, परत थांबायचा. "उपग्रहाचा सिग्नल कमीजास्त होतोय," मी खुलासा केला.

"सिग्नल न्हाय," मामा म्हणाला. "माणसं भरतंय ते."

तसंच होतं. त्या रस्त्यावर वडापची जीप दिसली की लोक हात करतात, आणि हात केला की जीपनं थांबायचं असतं. न थांबणाऱ्या जीपकडं सगळा रस्ता वळून बघतो. चोरालाही हे माहीत असणार. हवालदार हसून हसून खोकायला लागले.

आईच्या कानावर उलटसुलट काही जायला नको म्हणून मी त्याच रस्त्यावरच्या आमच्या गावी शेजारच्या काकूंकडं फोन लावला. काकू म्हणाल्या, "आई? ती आत्ताच गेली की, बहिणीकडं गगनबावड्याला. मामाच्याच गाडीत बसली. डायवर नवा हाय म्हणाली."

मी फोन ठेवला की टाकला, आठवत नाही. "साहेब, उठा! गाडी काढा! आई हाय आत!"

हवालदार हलले नाहीत. "म्हणून तर जायचं न्हाय. मागं आपण दिसलो की त्यो गाडी दामटणार. तुम्हीच शिकवलंय पावणं, फळ्यावर. बसा."

"ते सगळं व्याख्यानात ठीक हाय हो!" मी ओरडलो. मामानं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला.

तेवढ्यात ठिपका गोठला. यंत्र आपली जागा मोबाईलवरूनच कळवायचं आणि पुढं मोबाईलची रेंज नव्हती. हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगत नसे. मी सारखं बटण दाबत होतो आणि पडद्यावर आई एका कोऱ्या जागेवर उभी होती. त्या नकाशात गावांची नावंसुद्धा नव्हती. आयुष्यात इतका वेळ मी काही न करता कधी बसलो नसेन.

शेवटी नाक्यावरून फोन आला. दोन पोलीस साधे कपडे घालून, खांद्याला पिशवी अडकवून रस्त्याकडेला उभे राहिले होते. त्यांनी हात केला. जीप थांबली. एक जण ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसला आणि त्यानं किल्ली काढून घेतली. कुणाला खरचटलंही नाही.

आम्ही पोलिसांच्या गाडीतून गेलो. वाटेत मी "जरा दाबा की" म्हणत होतो आणि हवालदार चालकाला "सावकाश" म्हणत होते. आई झाडाखाली दगडावर बसली होती, रागानं लाल.

"कसला चोर?" ती म्हणाली. "तुझ्या मामानं जल्मात एवढी बेतानं गाडी चालवली न्हाय. एका म्हातारीला हात धरून उतरवलं ह्या डायवरनं." मामा दुसरीकडं बघायला लागला.

"आई, आम्ही सगळा वेळ तुझ्यावर लक्ष ठेवून होतो. कॉम्प्युटरवर."

"आणि काय केलंस?"

"काही नाही. बसून राहिलो."

"बसून?" ती उठून उभी राहिली. "आई चोराच्या गाडीत, आणि तू बसून?"

उपग्रह समजावून सांगायला मी तोंड उघडलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हवालदारांकडं बोट करून मी म्हणालो, "मी कधीच निघालो होतो, आई. ह्यांनी धरून ठेवलं."

"व्हय?" तिनं हवालदारांना विचारलं.

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय मावशी," ते म्हणाले. "आवरंना झालतं पोरगं."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडं रागानं बघून म्हणाली, "सोडायचं हुतं की मग."