कौशल्याकाकूंच्या कॉम्प्युटरचं हळदीकुंकू

उमापुरात माझं मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय, आन माझं डोकं लवकर तापतं हे आख्ख्या गावाला ठावं हाय. तरी संक्रांतीच्या सकाळी कौशल्याकाकू दुकानात आल्या त्या हुकूम घेऊनच. "राधाकिशन, ऊठ. मनिषाचा कॉम्प्युटर मेला. सांजच्याला जित्ता पाहिजे."

मनिषा म्हणजे काकूंची सून. बारावी शिकलेली, लग्नात माहेरून कॉम्प्युटर घेऊन आलेली. पण दिवाळी झाली की नवराबायको ऊसतोडीला कारखान्यावर जातात, आन लहानगी अंजू आजीपाशी राहती. काकूंनी बी उभा जलम ऊस तोडला. गुडघे गेले तवा घरी बसल्या, पण जिभेची धार काय गेली न्हाई.

"मोबाईलवर लावा की व्हिडिओ कॉल," मी म्हणलं.

"लावलता एकदा. 'माझी आई एवढुशी कशानं झाली?' म्हणून लेकरानं जेवण सोडलं. मोठ्या पडद्यावरच बोलती ती. आज सणाचं आईला बघायचं म्हणून सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसलीय."

मग काय, गेलो. अपडेट चालू असताना लाईट गेलती, सगळा बोऱ्या वाजला होता. नवं विंडोज मारायचं म्हणून पेनड्राईव्ह खोचला. ढिम्म न्हाई. दुसऱ्या खाचेत खोचला, तिथं बी तेच. बॅटरी मारून आत बघितलं आन माझं टाळकंच सरकलं. पुढच्या-मागच्या सगळ्या खाचा हळदीकुंकवानं गच्च भरलेल्या! दर शुक्रवारी पूजा व्हायची म्हणं.

"अवो काकू, हे काय करून ठेवलं? देव हाय का हा?"

"वरडू नको. माझ्या सुनंची लक्ष्मी हाय ती. तुमी ट्रॅक्टरला लावता तवा चालतं?"

कपाळावर हात मारला आन ब्रश घेऊन खरवडत बसलो. अंजू शेजारी हनुवटी टेकून बसलेली. "लागली का आई?" घडीघडीला तेच. "लागती गं," म्हणायचो आन आणखी जोरानं खरवडायचो. पोरीपुढं खोटं पडायचं लई भ्या वाटायला लागलं.

शेवटी मागची एक खाच मोकळी झाली. कॉम्प्युटरला पेनड्राईव्ह दिसला! विंडोज चढेपर्यंत काकूंनी मला दोन तिळाच्या पोळ्या चारल्या, आन माझा राग त्या पोळ्यांबरोबर कवा उतरला ते कळलं बी न्हाई.

दिवेलागणीला कॉल लागला. तिकडं कारखान्यावर पाचटाच्या कोपीच्या दारात मनिषा उभी होती, उसाच्या फडातून नुकतीच आलेली, तोंड घामानं निथळलेलं.

"अगं बाई! सणाचं कपाळ मोकळं?" काकू म्हणल्या.

"घामानं पुसलं, आत्याबाई. आत्ताच आले, हातपाय बी धुतले न्हाईत."

अंजू खुर्चीवर चढली. आजीच्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आन बोट पडद्याकडं नेलं. "आई, हालू नको."

पडदा खराब होईल म्हणून मी वरडणारच होतो. पण तिकडं मनिषानं मोबाईलपुढं कपाळ वाकवलं, डोळे मिटले, आन अंजूनं नीट भुवयांच्या मधी कुंकू टेकवलं. पडदा पुसायला उचललेलं फडकं मी तसंच खाली ठेवलं.

काकूंनी पदरानं डोळे पुसले आन माझ्याकडं बघितलं. "बघ, खाचेत न्हाई लावलं तिनं."