संत्र्यातल्या सुया

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स विभागाचं दरवर्षी प्रदर्शन असतं. मी शेवटच्या वर्षाला असताना सरांनी त्यात एक टेबल कॅन्सरच्या जुन्या उपकरणांसाठी ठेवलं, आणि ते माझ्या वर्गमैत्रिणीला मिळालं. मिळणारच होतं. उपकरणं तिच्या आजोबांची होती. ते डॉक्टर होते, आणि त्यांच्या काळात रेडियम भरलेल्या बारीक सुया गाठीत खुपसून काही दिवस तशाच ठेवत. त्यातलं रेडियम केव्हाच सरकारकडे परत गेलं होतं. उरली होती शिशाची जड डबी, हातभर लांबीचे चिमटे, गर्भाशयात ठेवायच्या वाकड्या नळ्या आणि नवशिक्यांनी सराव करायच्या रिकाम्या सुया.

मला दारात उभं राहून लोकांना आत पाठवायचं काम दिलं.

ते टेबल मला का हवं होतं, ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी बारावीत असताना आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. उपचाराच्या शेवटी तिला आतून किरण दिले. त्याबद्दल ती एवढंच बोलली की आत नळ्या बसवल्या, त्या मशीनला जोडल्या, मग डॉक्टर, सिस्टर सगळे बाहेर गेले आणि जाडजूड दार बंद झालं. "सारे पळाले वं," ती म्हणाली, "मी एकटीच."

ती बरी झाली. पण ज्याला सगळे इतके घाबरतात ते आपल्या अंगात शिरलं, म्हणजे ते आता तिथंच राहणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं. हुडकेश्वरच्या आमच्या दोन खोल्यांत तिनं आपलं अंथरूण वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला. दादाला मुलगी झाली तेव्हा बाळाला तिनं दारातूनच पाहिलं, मांडीवर कधी घेतलं नाही. वहिनीला वाटलं, सासूला नातू हवा होता. आई खरं कारण वहिनीला सांगेना, आणि मलाही सांगू देईना.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील लकडगंजला लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला आहेत. मला वाटायचं, आईला मी समजावणार. रेडियमच्या सुयांबद्दल वाचलं त्या दिवशी घरी येऊन मी दाभणात दोरा ओवला, दाभण बटाट्यात खुपसलं आणि दोरा ओढून बाहेर काढलं. म्हटलं, बघ आई, सुई आत तोवरच किरण आत. सुई बाहेर आली की बटाट्यात काही उरत नाही.

"समजलं," आई म्हणाली. "आता थो बटाटा चीर, भाजीत टाक." आणि रात्री अंथरूण वेगळंच घातलं.

हा बटाटा मी मैत्रिणीला कॅन्टीनमध्ये हसत हसत सांगितला होता. प्रदर्शनाच्या सकाळी पाहते, तर तिच्या टेबलावर टोपलीभर संत्री. "बटाटा कसातरीच दिसला असता ना," ती म्हणाली. तिच्या अंगावर पांढरा ॲप्रन होता, बहुतेक तिच्या डॉक्टर आईचा. लांब चिमट्यानं दोरा ओवलेली सुई उचलून ती संत्र्यात अशी अलगद बसवायची की लोक बोलायचे थांबायचे. मी दारातून बघत होते.

दुपारी आई आली. मीच आग्रह केला होता, टेबल मलाच मिळणार असं वाटत होतं तेव्हा. मी तिला आत पाठवलं. ती बराच वेळ लोकांच्या मागे उभी राहिली आणि गर्दी ओसरल्यावर पुढे झाली.

"मॅडम," ती माझ्याच वयाच्या मुलीला म्हणाली, "थे अंगात राहते का मंग?"

"काय राहतं, काकू?"

"किरण."

मैत्रिणीनं दोरा ओढला. "ही बघा, आली बाहेर. सुया मोजून घालायच्या, मोजून काढायच्या. सुई डबीत गेली की किरणही डबीत."

"अन् आताच्या मशीनचं?"

"त्यात तारेच्या टोकाला एक छोटा दाणा असतो. तार नळीतून आत जाते आणि काम झालं की परत मशीनमध्ये येते. मगच दार उघडतात."

"मंग सारे बाहेर काहून पळते?"

"त्यांना रोज पेशंट असतात ना, काकू. रोज थोडं थोडं त्यांच्या अंगावर कशाला?"

आईनं ते सुया काढलेलं संत्रं हातात घेतलं. "म्हणजे हे खाल्लं तरी चालते?"

"किरणांचं काही नाही, पण सुया आजोबांच्या काळातल्या आहेत. तुम्ही हे दुसरं घ्या," मैत्रीण हसून म्हणाली. आईही हसली. डॉक्टरांकडून आल्यापासून या विषयावर ती पहिल्यांदाच हसत होती, आणि मी दारात होते.

परत येताना बसमध्ये मी म्हटलंच, "हेच तर मी सांगितलं होतं तुला."

"हो वं. पण तू माही पोरगी. तू मले बरं वाटन असंच सांगशीन." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "थ्या पोरीले माह्याशी काय घेणंदेणं? थे काहून खोटं बोलन?"

मैत्रीण काहीही न करता आईला परकी होती. मी कितीही शिकले तरी ते मला जमणार नव्हतं.

घरी आल्यावर आईनं हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसली. "दे वं तिले इकडं," वहिनीला म्हणाली. वहिनी क्षणभर तशीच उभी राहिली, मग तिनं बाळ आईच्या मांडीत ठेवलं. आईनं सगळं सांगितलं, दार, मशीन, अंथरूण, आणि कालेजातल्या मॅडमनं संत्र्यात कसं दाखवलं ते.

"मग ताईंनी नाही सांगितलं तुम्हाला?" वहिनीनं डोळे पुसत विचारलं.

"तिनं? तिनं माहा बटाटा खराब केला."

दोघी हसल्या. बाळानं आईचा पदर मुठीत धरला होता. मी जवळ जाऊन बसले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"थांब वं," आई म्हणाली, "आत्ताच तर घेतलं मी."