सुनेच्या हातची मोसंबीची बिस्किटं

आमच्या घरात मोसंबीच्या बिस्किटांची कृती लेकीला सांगत नाहीत, सुनेला सांगतात. लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, तिथं करून वाढणार, मग आपल्या घराचं काय राहिलं, असं त्यामागचं म्हणणं. माझ्या आईला तिच्या सासूनं सांगितली, त्या सासूला तिच्या सासूनं. जालन्याला आमचं घर एका पाववाल्याच्या भट्टीला लागून होतं. भट्टीची उरलेली धग वाया जाऊ नये म्हणून कुणा खापरपणजीनं ही बिस्किटं काढली म्हणे. नानखटाईसारखी भुगा होणारी नाहीत. मऊ, बोटानं दाबली की दबणारी, आणि तोडली की चवीच्या आधी वास येणारी.

आईवडील पुण्याजवळ थेरगावात आले तेव्हा भट्टी मागं राहिली. आई जाड पातेल्यात मीठ तापवून त्यावर ताटली ठेवून भाजायची, आणि त्या वेळी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढायची. कडी लावून! सख्ख्या मुलीला! मी जिन्यात बसून ओरडायचे, "मी काय चोर आहे का गं?" आतून उत्तर यायचं, "तुझ्या नवऱ्याच्या घरचं तू शिक." नवऱ्याच्या घरी शिकण्यासारखं एक पिठलं निघालं, आणि तेही त्यांना धड जमत नव्हतं.

धाकट्या भावाचं लग्न झालं. भावजय अंबडकडची, बुटकीशी, हसताना तोंडावर पदर धरणारी. लग्नाला महिना झाला असेल, मी राखीला गेले होते, आणि आईनं तिला आत घेऊन कडी लावली. मी बाहेर. चाळिशीला आलेली बाई, दोन पोरांची आई, वायरिंगच्या कंपनीत लाईन सांभाळणारी, आणि पोटात दुखलं माझ्या. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी बिस्किटं तिनं केली, आईनं नुसती चाखली आणि म्हणाली, "आता माझं झालं." कृती सुनेला दिली की सासूनं पुन्हा करायची नाही, हीसुद्धा आमच्याकडची रीत. मी खाल्ली नाहीत. आम्लपित्त झालंय म्हणून सांगितलं.

दोन वर्षांनी भाऊ गेला. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट सुटून मोटरसायकलवर घरी येत होता, हायवेला कंटेनरनं उडवला. याहून जास्त मला सांगता येत नाही.

दहाव्याला घाटावरून परत आलो. घर बायकांनी भरलेलं. भावजय कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "पांढऱ्या पायाची आलीस आणि माझा भाऊ खाल्लास." तोंडातून निसटलं, असं म्हणायची सोय नाही. ते वाक्य मी चार दिवस मनात घोळवलं होतं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. आई काहीतरी बोलेल म्हणून बघितलं असणार. आई बोलली नाही. तेरावं उरकलं आणि तिचे वडील तिला घेऊन गेले.

पुढं कळलं, तिचं दुसरं लग्न झालं, चाकणजवळ निघोज्याला दिलंय. मी आईला म्हणाले, "बघ, किती लवकर विसरली." आई म्हणाली, "बरं झालं." मला वाटलं, टोमणा मारतेय. तो टोमणा नव्हता, हे कळायला मला फार वेळ लागला. आईच्या घरी बिस्किटं पुन्हा झाली नाहीत.

गेल्या वर्षी आईला पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. मी तिला थेरगावातल्याच माझ्या फ्लॅटवर आणलं. मागतील ते खाऊ घाला म्हणे! ती मागतच नव्हती. पेज केली, दोन चमचे घेऊन तोंड फिरवलं. मऊ भात, लापशी, नाचणीची खीर, सगळं तसंच उचलून ठेवायचं. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. मी कंपनीतून सुट्टी टाकली आणि दिवसभर वाट्या घेऊन तिच्या मागं लागले. चिडायचेसुद्धा. मरणाऱ्या आईवर ओरडलेय मी, "खा की गं एकदाचं!" म्हणून.

एका दुपारी आपण होऊन म्हणाली, "बिस्किटं खाईन."

"कुठली? चहात बुडवायची?"

"तिच्या हातची."

मला कळलं होतं, तरी मी न कळल्यासारखं केलं. मग म्हटलं, "आई, आता तरी मला सांग. मी करते."

"माझी राहिली का ती? देऊन टाकली मी."

बोलायलाही त्राण नव्हतं आणि हट्ट बघा. मी मोसंब्या आणल्या आणि अंदाजानं करून बघितली. एकदा कडू झाली. एकदा दगड. तिसऱ्यांदा दिसायला बरी झाली. आईनं तुकडा तोंडात घेतला, जरा थांबली, आणि माझं मन दुखू नये अशा बेतानं हळूच तळहातावर काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला आईपाशी बसवलं आणि मी निघोज्याची वाट धरली.

डांगे चौकातून बस, पुढं बदलून दुसरी, मग हायवेला उतरून शेअर रिक्षा. घर रस्त्यालगत, मागं कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची रांग. ओट्यावर तिची सासू मेथी निवडत होती.

"कोन पायजे?"

मी सांगितलं, जालन्याकडची आहे, ओळखीची.

"हाय की घरात. या, बसा."

भावजय बाहेर आली. अंग भरलं होतं, कडेवर वर्षाची मुलगी. मला बघून थबकली, पण पाणी आणून दिलं. मग समोर बसून विचारलं, "आई कशा आहेत?"

मी म्हणाले, "बऱ्या आहेत."

का म्हणाले, ते सांगते. आई मरायला टेकलीय म्हटलं असतं, तर ती आली असती. माझ्या घरात, आईच्या उशाशी बसली असती, आणि दहाव्याचं ते वाक्य आम्हा तिघींच्या मध्ये येऊन पडलं असतं. आई काहीतरी बोलली असती. मला माफी मागावी लागली असती, आईच्या देखत, खाली बघून. एवढीच भीती होती. वाटलं, कृती घेऊन जाऊ, आपल्या हातानं करू, आईचं पोट भरेल, आणि माझी मानही ताठ राहील.

"आईला बिस्किटं खावीशी वाटतायत. कृती सांगशील?" मी म्हणाले.

तिनं नाही म्हणावं, असं मनातून वाटत होतं. म्हणजे शिव्या घालत परत जाता आलं असतं. तिनं नाही म्हटलं नाही. मांडीवरची मुलगी सासूकडे दिली आणि अगदी सावकाश सांगितलं, मी मुलाच्या जुन्या वहीच्या पानावर लिहून घेतलं. तूप नाही घ्यायचं, साय घ्यायची. साल किसताना पांढरं लागू द्यायचं नाही, कडू होतं. रस निम्मा होईस्तोवर आटवायचा. "आणि ताई, वरून कच्ची दिसतात तेव्हाच काढायची. शिजली नाहीत असं वाटतं, तरी काढायची. गार होऊ द्यायची नाहीत. गरम असतानाच डब्यात भरायची, वर मोसंबीची सालं पसरायची, झाकण लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही." मी तिन्ही वेळा ताटात पसरून पंख्याखाली गार करत होते, तिथंच ती कडक होत होती.

निघताना कसंबसं म्हटलं, "झालं गेलं ते..."

"ते राहू द्या, ताई," ती म्हणाली. "ते माझ्यानं विसरायचं नाही. कृती आईंची आहे, म्हणून दिली."

दुसऱ्या दिवशी आई झोपेत असताना केली. कच्ची दिसली तशीच काढली, बोटं भाजली, डबा भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर वासानं डोळ्यांत पाणीच आलं. लहानपणी जिन्यात बसलेली असायचे तेव्हा दाराखालून येणारा तोच वास. डबा आईजवळ नेला. स्टीलच्या डब्यावर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलंय, ती बाजू मी पोटाशी धरली.

आईनं एक अख्खं खाल्लं. सगळं! मग आणखी अर्धं. पंधरा दिवसांत तेवढं अन्न तिच्या पोटात गेलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तिनं केलीत."

मी म्हणाले, "हो."

आईच्या तोंडावर जे आलं ते मी कसं सांगू? मी तिची मुलगी, पण माझ्यामुळं ते कधी आलेलं मी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, "डबा रिकामा पाठवू नको तिचा." आलेला डबा आम्ही कुणाला रिकामा परत करत नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. मी म्हटलं, साखर घालते. "साखर नको. तांदूळ आण, खण आण. हळकुंड, सुपारी. दुसऱ्याच्या घरची का असेना, सवाष्ण आहे ती आता. ओटी भरून पाठव." उरलेली बिस्किटं मी दुसऱ्या डब्यात काढली, कपाटातला खण आणला. आई कोपरावर उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं डब्यात मूठ मूठ तांदूळ घातले. निम्मे पांघरुणावर सांडले. मग म्हणाली, "तिला सांग, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. तुझं तोंड धरायला पाहिजे होतं मी."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

डबा मी माळ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "दिलास?"

"दिला."

"काय म्हणाली?"

"रडली."

"मग? येते म्हणाली का?"

"येते म्हणाली. मुलीला ताप आहे, उतरला की येते."

त्यानंतर रोज. रोज मी नवीन काहीतरी रचत होते. ताप उतरला. आता घरात पाहुणे आहेत. आता नवऱ्याला सुट्टी नाही. पुढचं बिस्किट आईनं खाल्लं नाही, ती आल्यावर खाईन म्हणाली. लिफ्टचा आवाज आला की डोळे उघडायची. एकदा मला सांगितलं, चांगल्या कपबशा काढून ठेव. मी काढून ठेवल्या! धुऊन, पुसून, टेबलावर मांडल्या. इतकं निर्लज्ज माणूस कसं होऊ शकतं, हे मी दुसऱ्या कुणात बघितलं असतं तर थुंकले असते.

नवव्या दिवशी सकाळी आई गेली. भेटायला आलेले सगळे म्हणाले, शांत गेली. तिचं तोंड दाराकडे होतं, ते मी वळवलं.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी मी डबा घेऊन पुन्हा निघोज्याला गेले. का गेले? आईचं एवढं एक काम तरी करावं म्हणून. आणि आता आई नाही, आता मला खाली बघायची लाज वाटणार नाही, असंही कुठंतरी होतंच. भावजयीसमोर डबा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, काही गाळलं नाही. तिची सासू दारात उभी राहून ऐकत होती.

भावजयीनं डबा जवळ ओढला. मग विचारलं, "तुम्ही आलात, त्या दिवशी त्यांना बोलता येत होतं?"

"येत होतं."

"आणि नंतर नऊ दिवस माझी वाट बघत होत्या?"

"हो."

"मला बोलवायचं होतंत, ताई. होते तशी आले असते."

दारातून सासू म्हणाली, "आगं बाई, आन् म्या धाडली असती की. आडवली असती व्हय मी?"

मी म्हणाले, "शिव्या दे मला. काहीतरी बोल." तिनं शिव्या दिल्या नाहीत. डब्यातला खण काढला, उलगडला, पुन्हा घडी केली, आणि मग तोच तोंडाला धरून अशी रडली, की माझ्या भावाच्या वेळीही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर सासूनं माझा हात धरून बाजूला केला. रागानं नाही, नुसता बाजूला केला.

आईला मी नऊ दिवस सांगत होते, उद्या येतेय, उद्या नक्की येतेय. निघोज्याहून थेरगावला यायला दीड तास लागतो.