चार वाजून एक मिनिट

आमचे भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, बटणं विकतात. बटणं, चेन, हूक, अस्तर, दोरे. दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पाठमोरं चालत रस्त्यावर जावं लागतं. भिंतभर पुठ्ठ्याच्या डब्या, प्रत्येक डबीच्या तोंडावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. गिऱ्हाइकाने नुसतं बोट दाखवावं, भाऊजी मान न वळवता डबी काढतात. माणूस लाखात एक, पण महाफटकळ. मीही काही कमी नाही म्हणा, म्हणून तर आमचं जमतं.

त्या फटकळपणानेच घात केला. त्यांचा एकुलता एक मुलगा बारक्या. सहा फूट उंच झाला तरी घरात बारक्याच. जाऊबाई तो पंधरा वर्षांचा असताना गेल्या, त्यापुढे तो निम्मा माझ्याच हातचं खाऊन वाढला. एका मोठ्या कंपनीत नोकरीला लागला आणि संध्याकाळी दुकानासाठी खपायचा. त्याने दुकानाची वेबसाइट काढली. भाऊजींच्या जुन्या वहीतले गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते उतरवून यादी केली. दर गुरुवारी दुपारी चारला सगळ्यांना दुकानाचं पत्र जाईल, अशी सोय लावली. यादीत पहिला पत्ता स्वतःचा घातला, ऑफिसातला, पत्र नीट पोचतं का बघायला.

आणि भाऊजींनी काय करावं? पहिल्याच पत्रात कसलीशी चूक निघाली, तर भरल्या दुकानात चार बायकांसमोर म्हणाले, "हा मला धंदा शिकवणार! याच्याच काळजीने याची आई गेली."

बारक्याने हातातली मोजपट्टी गुंडाळून ठेवली आणि तो बाहेर पडला. पंधरा दिवसांत कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बदली करून घेतली. फोन नंबर बदलला. मित्रांना विचारलं तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले. माझ्या नवऱ्याने ऑफिसात फोन केला, तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, कर्मचाऱ्यांची माहिती देता येत नाही. मग तो स्वतः जाऊन आला. खालच्या रखवालदाराने वहीत नाव लिहून घेतलं आणि परत पाठवलं. या गोष्टीला चार वर्षं झाली.

राहता राहिलं गुरुवारचं पत्र. ते चालू ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका गुरुवारी मी भाऊजींना दाखवलं की, कोणी पत्र किती वाजता उघडलं ते वेबसाइटवर दिसतं. त्यांनी चष्मा पुसला. यादीत सगळ्यात वर बारक्याचा पत्ता, आणि पुढे लिहिलेलं: उघडलं, चार वाजून एक मिनिट.

"अगं, वाटच बघत असतो पोरगा," भाऊजी म्हणाले. "एक मिनिट दम निघत नाही त्याला."

झालं! तेव्हापासून पत्र भाऊजी सांगणार आणि मी टाइप करणार. साडेसहाशे गिऱ्हाइकांना जाणारं पत्र, आणि लिहायचं कोणाला तर एकट्याला. "शिंपल्याची बटणं आली आहेत. चार भोकांची घ्यावीत, पक्की बसतात. मागच्या खोलीतला पंखा बदलला, आता खडखडत नाही." मी म्हटलं, "भाऊजी, लोकांना काय करायचंय पंख्याशी?" तर म्हणाले, "तू लिही गं." एकदा एका शिंपीणबाईंचं उत्तर आलं: पंख्याचं कळलं, आनंद झाला, पण निळी चेन कधी येणार? आम्ही दोघं पोट धरून हसलो. आणि मग चारनंतर एक मिनिट. दर आठवड्याला, न चुकता. गुरुवारी संध्याकाळी भाऊजी दोन घास जास्त जेवायचे.

या वर्षाच्या सुरुवातीला शाळेच्या नाटकांचे कपडे सांभाळणाऱ्या बाई दुकानात आल्या. यादीत त्यांच्याही पत्त्यापुढे तेच मिनिट दिसायचं, म्हणून मी आपलं कौतुकाने म्हटलं, "तुम्ही आमचं पत्र अगदी नेमाने वाचता हं, चार वाजून एक मिनिटाला!"

बाई ओशाळल्या. "खरं सांगू? राग मानू नका. मी एकदाही उघडलेलं नाही हो. शाळेच्या मेलवर इतकं येतं, तसंच पडून राहतं."

मग उघडतं कोण? ज्यांच्यामार्फत पत्र जातं त्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या माणसाला यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाला, ऑफिसांत, शाळांत मेल तपासणारं यंत्र असतं. आलेलं प्रत्येक पत्र माणसाआधी ते उघडून बघतं, त्यात काही घातक नाही ना म्हणून. आम्हाला दिसतं ते त्याचं उघडणं. "मग पुढे माणसाने वाचलं की नाही?" मी विचारलं. "ते आम्हाला कळत नाही, मॅडम."

मला इतका संताप आला की फोन आपटावासा वाटला. आपटून करणार काय? बारक्या त्या कंपनीत अजून आहे का, हेसुद्धा त्या मिनिटावरून कळत नव्हतं. आणि भाऊजींना सांगायचं कोणत्या तोंडाने? चार वर्षांचे गुरुवार एका फटक्यात काढून घ्यायचे? मी, जिचं तोंड कधी बंद नसतं ती, मूग गिळून बसले. पुढच्या गुरुवारीही त्यांनी यादी उघडायला लावली, मी उघडली, ते खूश झाले. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची एक झडप निकामी झालेली निघाली. ऑपरेशनची सतरा तारीख ठरली. डॉक्टर म्हणाले, वय बघता खात्री देता येणार नाही.

त्या आठवड्यात भाऊजी म्हणाले, "या वेळी सगळ्यांना नको. एकट्यालाच पाठव." आणि एकेक शब्द तोलून सांगायला लागले. "बारक्या, सतराला माझं ऑपरेशन आहे. त्या दिवशी दुकानात बोललो ते खोटं होतं. तुझी आई आजाराने गेली. तू तिचा जीव होतास. माझं चुकलं. एकदा येऊन जा."

टाइप करताना मला अक्षरं दिसेनात. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. चारच्या ठोक्याला बटण दाबलं. चार वाजून एक मिनिटाने उघडलं.

"वाचलं त्याने," भाऊजी म्हणाले. "आता येतो बघ."

मी जमेल ते केलं. त्याच्या ऑफिसात तीनदा फोन केला, तीनदा तोच गोड आवाज. निरोप तरी द्या म्हटलं, तर म्हणे लेखी पाठवा, त्याच पत्त्यावर. जुन्या मित्रांपैकी एकाच्या दारात जाऊन भांडले. त्याच्याकडे खरंच नंबर नव्हता. हात टेकले मी.

सोळा तारखेला दुपारी भाऊजींना दवाखान्यात दाखल केलं. खाटेवर बसून ते दाराकडे बघत होते. नर्स आली, शेजारच्याचे नातेवाईक आले, सफाईवाला आला. प्रत्येक वेळी मान वर, मग खाली. भेटायची वेळ संपत आली तसे ते आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"वाचून नाही आला," ते म्हणाले. "बरोबर आहे त्याचं. माफी मागितली तरी नाही आला, म्हणजे संपलं सगळं. मी उद्या मेलो काय आणि जगलो काय."

माझा जीव कळवळला, आणि रागही आला, त्यांचा, माझा, त्या मेल्या यंत्राचा. भडाभडा सगळं सांगून टाकलं. नाटकाच्या बाई, मदतवाला माणूस, सगळं. "ते मिनिट त्याचं नाही भाऊजी. कधीच नव्हतं. यंत्र उघडतं ते."

त्यांना काही झालं तर ते माझ्यामुळे, असं वाटून मी नर्सच्या घंटीकडे हात नेला.

मग ते वळले. "म्हणजे तो नाही म्हणाला, असं नाही?"

"नाही म्हणालेला नाही," मी म्हटलं. ते तरी मला कुठे ठाऊक होतं?

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. कितीतरी दिवसांनी हसले. "आणि मी वेडा त्याच्यावर रुसून बसलो होतो," असं म्हणत कोपरावर रेटा देऊन उठून बसले. माझं मनगट धरलं.

"अगं, पण मग त्याला अजून माहीतच नाही माझं चुकलं ते. उद्या सकाळी सातला नेणार मला. आज कळवायला हवं. दुसरा कुठला पत्ता आहे का तुझ्याकडे?"

चार वर्षं आम्ही दोघांनी तोच एक पत्ता सांभाळला होता. दुसरा नव्हता.